दोन वेढे आत, एक बाहेर

कचेरीच्या आवारात बसून अर्ज लिहिणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या अक्षरावरून ठरते, अशी तरुणपणी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. त्याची किंमत ठरते ती त्याच्या सावलीवरून. कळंबहून किंवा अर्नाळ्याहून उन्हातून चालत आलेला पक्षकार वसईच्या कचेरीत शिरला की प्रथम एवढेच पाहतो, की टेकायला सावली कोठे आहे. तेथे तो बसतो, घाम पुसतो, पाणी मागतो आणि मग ज्याची सावली त्याच्याकडूनच कागद लिहवून घेतो.

त्या काळी आवारात खरी सावली एकच होती. फाटकाजवळ एक जुनी चिंच होती आणि तिच्याखाली एक गृहस्थ बसत. त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. चिंचेखालचे एवढीच त्यांची ओळख पुरे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, काळा कोट, पितळी दौत, मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपींत सारखा हात. ते फायनल, म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा, पास होते आणि ही गोष्ट त्यांच्याजवळ बसलेल्या प्रत्येकास घटकाभरात कळत असे. मी त्यांचा उल्लेख आदरार्थीच करीन. द्वेषालाही काही रीत असते आणि मी रीत सोडणारा मनुष्य नाही.

माझे शिक्षण फायनलच्या अलीकडे थांबले. परीक्षेस मी दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा गणिताने घात केला. मराठी विषयाने माझा घात कधीही केलेला नाही, हे या ठिकाणी नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. अर्जाचा मायना, सदरहू मजकुराची मांडणी, शेवटची विनंती, यांत माझा हात धरणारा मनुष्य आवारात नव्हता. होती ती सावलीची वानवा.

तेव्हा मी सावली विकत आणली. पाचूबंदरला एका होडीचे जुने शीड मिळाले. चार बांबू, चार सुती दोऱ्या, चार मेखा आणि वर ते शीड, असे माझे छत फाटकाच्या डाव्या बाजूस उभे राहिले. पहिल्याच सकाळी चिंचेखालून आवाज आला, "काय हो, लग्न कोणाचे? मुहूर्त कितीचा?"

त्यांच्याभोवती बसलेले पक्षकार हसले. कचेरीचा पट्टेवाला पायरीवर उभा होता, तोही हसला आणि त्यांना म्हणाला, "साहेब, वरात आली की मला सांगा. मी वाजंत्र्यांना पाणी देईन."

मी चौथी मेख ठोकून लिहायला बसलो. पण त्या छताची खोड मला आठवड्याभरातच कळली. समुद्र जवळ असल्यामुळे सकाळी आवारात दव पडलेले असे. ओली दोरी आखडे, इतकी की बांबू आत ओढले जात आणि शिडाचे कोपरे करकरत. दहा वाजता ऊन चढले की तीच दोरी वाळून ढिली पडे आणि छत पोटाला झोळ येऊन लोंबे. मी दोऱ्यांना निरगाठी मारल्या होत्या. निरगाठ एकदा बसली की सोडवताना नखे तुटतात. रोज दुपारी अर्धा लिहिलेला अर्ज बाजूला ठेवून मी चारही मेखांपाशी गुडघे टेकून बसे, आणि चिंचेखालचे लेखणी कानावर ठेवून माझ्याकडे पाहत राहत.

एके दिवशी पाचूबंदरची एक कोळीण माझ्याकडे आली. विधवा बाई. तिच्या घरामागे बोंबील वाळवण्याची जागा होती. खांबांना दोऱ्या ताणून तिच्या सासूच्या काळापासून तेथे मासे वाळत आले होते. शेजारच्याने त्या जागेत दोन खांब आत सरकवले होते. तिला अर्ज हवा होता. चिंचेखाली गर्दी होती म्हणून ती माझ्याकडे आली, हे मी लपवीत नाही. तिने हकीकत सांगितली, मी ती योग्य भाषेत बसवली. "अर्जदार ही निराधार स्त्री असून" इथपासून सुरुवात करून पानभर मजकूर झाला आणि तो फार चांगला झाला होता. मी तिला वाचून दाखवीत होतो. एवढ्यात समुद्राकडून वारा सुटला. ढिले शीड फुगले, खाली आदळले, पुन्हा फुगले, आणि बांबू भोकातून उसळून बाहेर आला. छत माझ्यावर, बाईवर आणि दौतीवर एकदमच आले.

आतून मला अंधार दिसत होता आणि शाईचा वास येत होता. बाहेरून हसण्याचा आवाज येत होता. मग त्या हसण्यावरून चिंचेखालच्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. आवाज चढवून, जणू एखाद्या अर्जाचे शेवटचे कलम वाचावे तसे ते म्हणाले, "ज्याला स्वतःच्या डोक्यावरचे फडके सांभाळता येत नाही, तो तुमची जमीन काय सांभाळणार?"

मी शिडाखालून बाहेर आलो तेव्हा कळंबचे दोन भाऊ, जे आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते, उठून चिंचेकडे चालले होते. पट्टेवाला ते वाक्य पुटपुटून पाहत होता, कारण त्याला ते कचेरीत जाऊन सांगायचे होते. त्याने ते सांगितले. पुढे महिनाभर कारकुनांपासून स्टँप विकणाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी तेच वाक्य होते. मी खिडकीपाशी उभा राहिलो की आतून कोणी तरी विचारी, "फडके ठीक आहे ना?"

मी त्याच दिवशी ठरवले, की हे वाक्य एक दिवस त्याच आवारात, तेवढ्याच लोकांदेखत, त्यांना परत करायचे. आणि ते ऐकताना त्यांनी फडक्याखाली असले पाहिजे. याहून कमी काही मला नको होते. भांडण नको, मारामारी नको, वाक्य परत करायचे होते. शब्दास शब्द.

त्या वेळी ती बाई मात्र शिडाचा कोपरा झटकीत उभी होती. तिच्या अर्जावर दौत लवंडली होती. मला वाटले, आता हीही चिंचेखाली जाणार.

ती म्हणाली, "मेला नायस ना, मास्तर?"

"नाही," मी म्हणालो.

"मग उट. ही गाट कोनी मारली?"

"मीच."

"बैल बांदायचा होता का तुला?" असे म्हणून ती मेखेपाशी उकिडवी बसली. "पानी प्याली का दोरी आखडते. ऊन खाल्ला का सैल पडते. तिचा तो सबावच हाय. तू तिला गळा दाबून बांदतोस, मग ती काय करेल? बग आता."

आणि तिने मला ती गाठ दाखवली. आज इतक्या वर्षांनी ती कागदावर उतरवताना माझा हात थोडा थांबतो, पण उतरवतो, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. दोरी बांबूवरून खाली येते. तिचे टोक मेखेभोवती फिरवून परत वर आणायचे, म्हणजे मेखेपाशी एक लांबट फास तयार होतो. आता ते टोक ताणलेल्या दोरीभोवती गुंडाळायचे. पहिले दोन वेढे फासाच्या आतल्या बाजूस, मेखेच्या दिशेने, एकमेकांना चिकटून. नंतर टोक त्या दोन्ही वेढ्यांवरून उडी मारून वरच्या बाजूस न्यायचे आणि तेथे, फासाच्या बाहेर, तिसरा वेढा द्यायचा. तिसऱ्या वेढ्याखालून टोक काढून घट्ट ओढायचे. झाले.

गाठ झाल्यावर तिने ती मुठीत धरली आणि दोरीवरून वर सरकवली. छत ताठ झाले. खाली सरकवली, ढिले झाले. मग ती सोडून तिने दोरी सर्व बळानिशी ओढली. गाठ जागची हलली नाही.

"हातान हलते, ओढीन हलत नाय," ती म्हणाली. "ओढ आली का ती दोरीला चावते. वाळत घातलेले बोंबील सकाळी वल्ले असतात, दोरी वाकते, गाट वर सारायची. सांजला वाळून हलके होतात, खाली सारायची. माज्या सासून दाकवली."

"हिला काय म्हणतात?"

"म्हनायचं काय? गाट म्हनतात." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दोन आत, येक भायेर. आतला येक सोडलास तर दिसायला तशीच दिसते, पन ती फसवी. जरा ओढ आली का सरकत सरकत खुट्याला जाऊन बसते. ध्यानात ठेव. आनी माजा कागूद परत लिव, शाई न पाडता."

मी तो कागद परत लिहिला, नवा, पहिल्याहूनही चांगला. तिने त्याबद्दल मला जे दिले ते मी घेतले नाही. हे मी औदार्य म्हणून सांगत नाही. व्यवहार बरोबरीचा झाला होता.

त्या दिवसापासून माझे छत आवारात दिवसभर ताठ उभे राहू लागले. सकाळी आल्याबरोबर चार मेखांपाशी एक फेरी, चार गाठी बोटभर खाली. दहा वाजता दुसरी फेरी, बोटभर वर. दुपारी वारा सुटण्यापूर्वी तिसरी. लिहिता लिहिता उठावे, डाव्या हाताने सारावे, उजव्या हातातली लेखणी तशीच ठेवून परत बसावे. पक्षकार येऊ लागले. कारकून म्हणू लागले, याची बैठक नीटनेटकी असते. फडक्याचे वाक्य हळूहळू लोक विसरले. मी विसरलो नाही. चिंचेखालची चार माणसे हसताना दिसली की माझ्या कानात ते वाक्य पूर्ण, विरामचिन्हांसह वाजत असे.

अशी तीनेक वर्षे गेली. स्वराज्य येऊन थोडा काळ लोटला होता. एका हिवाळ्याच्या अखेरीस चिंचेचे खोड आतून पोकळ झाल्याचे दिसले आणि ती धोक्याची ठरून तोडण्यात आली. दोन दिवस कुऱ्हाडी चालल्या. तिसऱ्या दिवशी चिंचेखालचे आले, बुंध्याजवळ आपली पेटी ठेवून बसले आणि प्रथमच त्यांच्या काळ्या कोटावर ऊन पडलेले मी पाहिले. मी माझ्या छताखालून पाहत होतो. त्या दिवशी मी चार अर्ज लिहिले आणि चारही आनंदात लिहिले.

आठवड्यानंतर तेही एक कापड घेऊन आले. नवे कोरे कापड, रंगवलेले बांबू, काथ्याच्या जाड दोऱ्या. त्यांनी निरगाठी मारल्या आणि पहिल्याच दुपारी त्यांना गुडघे टेकावे लागले. पट्टेवाला म्हणाला, "साहेब, त्या समोरच्या मास्तरांना विचारा ना. त्यांची दोरी कशी हात लावताच वर-खाली होते."

चिंचेखालचे म्हणाले, "त्यांना काय विचारायचे? फायनल नापास झालेल्याला?" पण मी पाहिले, की असे म्हणताना त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या मेखेकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाने आखडलेली दोरी सोडून पुन्हा बांधू लागलो तेव्हा त्यांची लेखणी ओळीच्या मध्येच थांबली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल किंचित वळवून घेतले होते. चौथ्या दिवशी त्यांचे ओठ हलताना दिसले. ते मोजत होते. तेव्हा मला कळले, की ते मला कधीच विचारणार नाहीत. ते माझी नक्कल करणार.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. दस्तऐवजाची नक्कल करताना मूळ बरोबर आहे की नाही हे नक्कल करणाऱ्याने पाहायचे नसते. जसे दिसते तसे उतरवायचे असते. मुळात चूक असेल तर नकलेतही तीच चूक, त्याच जागी यावी लागते. सुधारली तर नक्कल रद्द. चिंचेखालच्यांचे सारे आयुष्य नकला करण्यात गेले होते आणि या कामात ते वसईत पहिल्या प्रतीचे होते, हे त्यांचा शत्रू असूनही मी मान्य करतो. त्यांच्या हाताला शंका घेण्याची सवयच नव्हती.

म्हणून मी त्यांना चुकीचे मूळ दिले.

पाचव्या दिवसापासून मी त्यांच्या समोर येणाऱ्या माझ्या मेखेवरची गाठ खोटी बांधू लागलो. घाई केली नाही. टोक मेखेभोवती फिरवले, आत एकच वेढा दिला, वरून उडी घेतली, बाहेर एक वेढा, आणि ओढले. पाठ त्यांच्याकडे होऊ नये म्हणून मी मुद्दाम बाजूला बसत असे. ते अर्ज दाखल करायला आत गेले की मी उठून ती गाठ सोडून खरी बांधी. असे मी सलग सहा सकाळी केले. सातव्या दिवशी त्यांच्या चारही मेखांवर माझी खोटी गाठ होती, एका वेढ्याने कमी, अगदी हुबेहूब. वारा नसताना तीही धरल्यासारखी वाटते. त्यांनी ती मुठीत धरून वर सारली, छत ताठ झाले, आणि त्यांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला जो आनंद झाला तो फायनल पास झालो असतो तरी झाला नसता.

याच सुमारास नवे मामलेदार आले. त्यांना आवार स्वच्छ आणि शिस्तीचे हवे होते. त्यांनी सांगितले, की फाटकाशी एकच अर्ज लिहिणारा बसेल. दुसऱ्याने मागे गोदामाच्या भिंतीशी जावे. कोण पुढे आणि कोण मागे हे आपण स्वतः बैठका पाहून ठरवू, आणि ते येत्या सोमवारी. सोमवारी दुपारी. मी आकाशाकडे पाहिले. वारा अजून पडून होता, पण सोमवारपर्यंत चैत्र लागणार होता आणि चैत्रात वसईला दुपारनंतर दर्यावरचा वारा चुकत नाही. वाक्य परत करण्याची जागा, वेळ आणि साक्षीदार, तिन्ही कोणी तरी माझ्यासाठी नेमून दिली होती.

सोमवारी मी चार गाठी चारदा तपासल्या. ती पाचूबंदरची बाईही त्याच दिवशी आली होती. तिच्या पहिल्या अर्जावर चौकशी झाली होती, आता दुसरा अर्ज करायचा होता. ती माझ्या छताखाली टोपली शेजारी ठेवून बसली. समोर चिंचेखालच्यांकडे भुईगावचे एक वृद्ध वाडीवाले केळीच्या बागेच्या वाटणीचे कागद घेऊन बसले होते.

मामलेदार आले. वडीलकीच्या मानाने प्रथम चिंचेखालच्यांकडे गेले. चिंचेखालचे उठून उभे राहिले आणि आपल्या शुद्ध वाणीत सांगू लागले, की आपण या आवारात किती वर्षे सेवा करीत आहोत, आपली परीक्षा कोणती, आपले अक्षर कसे. मी ऐकत नव्हतो. मी त्यांच्या पश्चिमेच्या मेखेकडे पाहत होतो. गोदामावरची धूळ उठली. कापड एकदा फुगले. गाठ वीतभर खाली आली. कोणाच्या लक्षात आले नाही. कापड दुसऱ्यांदा फुगले, गाठ सरकत सरकत मेखेला जाऊन टेकली, दोरी मोकळी झाली, आणि रंगवलेला बांबू अगदी सावकाश, एखाद्या मोठ्या माणसाने झोपावे तसा, आडवा झाला. उरलेल्या तीन गाठी त्याच्यापाठोपाठ गेल्या. "माझे अक्षर" एवढे बोलून चिंचेखालचे कापडाखाली गेले. मामलेदारांची टोपी पडली. वाडीवाले केळीच्या कागदांवर पालथे पडून ओरडले, "अरे, धरा! धरा कोणी तरी!"

मी उभा राहिलो. तीन वर्षे मी ते वाक्य घोकले होते. मी आवाज चढवून म्हणालो, "ज्याला स्वतःच्या डोक्यावरचे फडके सांभाळता येत नाही, तो तुमची जमीन काय सांभाळणार?"

मग पट्टेवाल्याला मूळ आठवले आणि त्याने मांडीवर हात मारला. कचेरीच्या खिडक्यांतून कारकून हसले. मामलेदारांनी टोपी उचलून झटकली, माझ्या ताठ छताकडे पाहिले आणि म्हणाले, "तुम्ही पुढेच बसा. ते मागे जातील." एवढेच बोलून ते पायऱ्या चढून गेले.

माझे मागणे शब्दशः मंजूर झाले होते. त्या क्षणाचे वर्णन मी पुष्कळदा मनात लिहिले आहे आणि अजून मला त्यात एक अक्षर खोडावेसे वाटत नाही.

कापड उचलायला पट्टेवाला गेला आणि ती बाईही गेली. तिने मेखेशी लोंबणारी दोरी हातात घेतली. गाठीवरून अंगठा फिरवला. मग तिने आतला वेढा मोजला, जो एकच होता. चिंचेखालचे चष्मा शोधीत होते. ती त्यांना म्हणाली, "बाबा, ही गाट तुला कोनी दाकवली?"

चिंचेखालच्यांनी चष्मा लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसले. सहा सकाळींचे सारे त्यांना त्या एका क्षणात कळले होते. एक शब्द बोलले असते तर पट्टेवाल्याने तो मामलेदारांपर्यंत पोहोचवला असता. पण तो शब्द बोलायचा तर आधी हे कबूल करावे लागले असते, की फायनल पास मनुष्याने नापास मनुष्याची नक्कल केली.

ते म्हणाले, "कोणी नाही. माझी मीच बांधली."

मी सुटलो. त्यांच्या गर्वाने मला सोडवले, आणि ते मला सर्वांत गोड वाटले.

बाई परत माझ्याकडे आली. तिने माझ्या मेखेवरची गाठ पाहिली. दोन आत, एक बाहेर. मग ती माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या पेटीवर तिचे जुने कागद ठेवले होते.

"मास्तर, तो तुजीच बगून बांदत होता," ती म्हणाली. "समोरच तर बसतो."

मी लेखणी दौतीत बुडवली.

"तुला मी खरी दाकवली होती. तू त्याला फसवी दाकवलीस."

"तुम्हाला ठाऊक नाही ते मला काय बोलले होते," मी म्हणालो.

"ठाव हाय. तवा त्या शिडाखाली मी पन होते," ती म्हणाली. "त्याला शिव्या घालायच्या होत्यास. दगड मारायचा होतास. गाटीन का केलास? त्या गाटीवर माजे बोंबील वाळतात."

तिने आपले कागद पेटीवरून उचलले, टोपलीत ठेवले आणि टोपली घेऊन ती पलीकडे गेली. वाडीवाले तोवर निघून गेले होते. चिंचेखालचे एकटेच कापडाची घडी करीत होते. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली, दोरीचे टोक हातात घेतले आणि त्यांना दाखवू लागली. मला इथून फक्त तिची बोटे दिसत होती. दोन. मग एक. चिंचेखालच्यांनी स्वतः करून पाहिले, चुकले, तिने त्यांच्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "अरे, उडी कुटं घेतलीस? आदी दोन तर पुरे कर!" आणि ते हसले. मी त्यांना कधी हसताना पाहिले नव्हते. लोकांना हसवताना पाहिले होते.

तिचा दुसरा अर्ज त्यांनीच लिहिला. तिची जागा तिला मिळाली, शेजाऱ्याचे खांब मागे गेले. तो अर्ज मी नंतर कचेरीत पाहिला. मजकूर बरा होता. मी लिहिला असता तर अधिक चांगला झाला असता, आणि हे मी मत्सराने लिहीत नाही.

आज मी फाटकाशी बसतो. माझे शीड दोनदा बदलले, गाठ तीच आहे. पक्षकार प्रथम मलाच पाहतात आणि मला कामाची कमतरता नाही. झाल्या गोष्टीचा मला पश्चात्ताप नाही. ते वाक्य त्यांनी प्रथम उच्चारले होते आणि ते परत मिळण्यास ते पात्र होते. एवढेच, की पाचूबंदरच्या बायका कागद लिहवायला आल्या की माझ्या छतासमोरून सरळ पुढे जातात आणि गोदामामागे वळतात. तेथे बसायला जागा कमी आहे, भिंतीची उष्णता असते, तरीही.

चैत्रात दुपारी वारा सुटतो. माझा डावा हात आपोआप माझ्या गाठीकडे जातो आणि मान मागे वळते. गोदामाच्या कोपऱ्यावरून त्यांच्या कापडाची एक कड दिसते. ती फुगते, थरथरते, दोरी तारेसारखी ताणली जाते. मी प्रत्येक वेळी बघतो. आजपर्यंत त्यांची गाठ एकदाही सरकलेली नाही, पण ती सरकेल म्हणून पाहणे मी अजून सोडलेले नाही.